आरए आणि डोळे : दुपारची चुरचुर कळते, पण रात्रीचा ठणका कशाचा?

काना_मात्रा :

नमस्कार. मी मुद्रितशोधन करते, म्हणजे डोळ्यांवरच पोट आहे. वय चोपन्न. ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसचं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या आरएचं, निदान होऊन बरीच वर्षं झाली. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ४०० मिलिग्रॅम. ही शेवटची गोळी आठेक वर्षं चालू आहे. वजन ५२ किलो. वजन मुद्दाम लिहिलं, कारण त्या गोळीचा आणि वजनाचा काहीतरी हिशोब असतो असं इथेच कुणीतरी लिहिलेलं वाचलं होतं, आणि तेव्हा ते डोक्यावरून गेलं होतं. सांध्यांचं म्हणाल तर सध्या बरं चाललंय. सकाळी बोटं सुटायला वेळ लागतो, उजवं मनगट कुरकुरतं, एवढंच.

डोळ्यांच्या मात्र दोन तक्रारी आहेत आणि त्या एकमेकींसारख्या नाहीत.

पहिली जुनी. सकाळी ठीक असतं, दुपार कलली की डोळे खुपायला लागतात, ओळ अंधूक होते, आणि पापण्या दोन-चारदा मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसते. माझ्या कामात याचा अर्थ असा, की अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, वेलांटी पहिली की दुसरी, हे पापणी मिटून परत बघितल्याशिवाय ठरत नाही. लेखकांना वाटतं बाई फार बारकाईने वाचतात. गंमत म्हणजे डोळ्यांतून पाणीही येतं, एसीचा झोत समोरून असला तर धारच लागते. डोळे कोरडे म्हणायचे तर हे पाणी कुठून येतं? हल्ली तोंडालाही कोरड पडते. फोनवर जरा जास्त बोललं की जीभ टाळूला चिकटते.

दुसरी तक्रार नवी, आणि खरा प्रश्न तिच्याबद्दल आहे. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, कानाकडच्या बाजूला, लाल पट्टा उठलाय. ट्यूबलाइटखाली तो नुसता लाल दिसतो, खिडकीशी आरसा धरून पाहिलं तर जांभळट. दिवसा दुखतो तो सोसण्यासारखा. रात्री मात्र ठणक्याने झोपेतून जाग येते. हे खुपणं किंवा चुरचुरणं नव्हे, आत कुणी गिरमिट फिरवतंय असं वाटतं. ठणका भुवईवरून कानशिलात आणि कधी जबड्यापर्यंत जातो. पापणीवरून बोट टेकवलं तरी कळ येते. डोळा फिरवला की दुखतं, आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळे फिरवणं हाच माझा धंदा!

जवळच्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पाहिलं, ‘डोळे आलेत’ म्हणाले आणि अँटिबायोटिकचे थेंब दिले. चिपडं नाहीत, पापण्या चिकटत नाहीत, दुसरा डोळा स्वच्छ. फरक शून्य. घरात यजमानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले स्टेरॉइडचे थेंब आहेत. जाऊबाई म्हणतात तेच घाल, लाली एका दिवसात उतरेल. अजून घातलेले नाहीत.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे आरएच्या डॉक्टरांची, तारीख तीन आठवड्यांवर आहे. तोवर थांबलं तर चालेल का? सांधे शांत असताना आरए डोळ्यात उतरू शकतो? नुसता कोरडेपणा वाढून एवढं ठणकतं का? आणि ती गोळी डोळ्यांना वाईट असं म्हणतात, हे तिच्यामुळे तर नाही ना?

उपदेश चालेल. धीर देऊ नका, तो घरात भरपूर मिळतो.

---

वाकडी_बोटं :

ताई, थांबू नका. सविस्तर कुणी जाणकार लिहीलच, पण आरए असलेल्या माणसाला डोळ्याच्या दुखण्याने रात्री जाग येत असेल तर तारखेची वाट बघायची नसते. उद्या सकाळी पहिलं काम हेच. यजमानांचे थेंब यजमानांचेच राहू द्या.

---

निळा_दिवा :

मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळ्यांच्या तपासणीच्या खोलीत माझा दिवस जातो. लिहिलेलं वाचून निदान होत नाही, त्यामुळे ‘तुम्हाला अमुक झालंय’ असं म्हणणार नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते आमच्या खोलीत कुणी सांगितलं तर मी रांग मोडून त्यांना डॉक्टरांपुढे बसवते.

आधी ठणक्याचं. डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला स्क्लेरा म्हणतात. त्याच्यावर एक पातळ थर असतो, तो एपिस्क्लेरा. आरएमध्ये दोहोंना सूज येऊ शकते. वरच्या थराची सूज, म्हणजे एपिस्क्लेरायटिस, दिसायला भडक लाल असते पण स्वभावाने गरीब. थोडं टोचतं, नजर नीट असते, बहुतेकदा आपसूक ओसरते. आतल्या कवचाची सूज म्हणजे स्क्लेरायटिस, ती अशी सोडून देण्यासारखी नाही. जांभळट झाक, झोपेतून उठवणारा ठणका, कानशिलाकडे आणि जबड्याकडे जाणारी कळ, बोट टेकवता न येणं, या तिच्या खुणा. काना_मात्राताई, तुम्ही एकूण एक खुणा स्वतःच लिहिल्या आहेत, आणि खिडकीशी जाऊन रंग पाहिलात हे तर आमचे डॉक्टरसुद्धा करतात. स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासायच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या, पिवळट उजेडात तो रंग हुकतो, म्हणून पेशंटला मुद्दाम दिवसाच्या उजेडात उभं करून बघतात.

तिथे गेल्यावर काय होईल ते सांगते, म्हणजे दचकायला नको. फेनिलएफ्रिनचा थेंब घालून थोडा वेळ थांबतील. वरवरच्या रक्तवाहिन्या त्याने आकसतात आणि लाली फिकी पडते, खोलवरच्या मात्र तशाच फुगलेल्या राहतात. मग फ्लुओरेसिनचा पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बुबुळाची कड बघतील. माझं इथलं नाव त्या दिव्यावरूनच आहे. ही कड फार महत्त्वाची. आरएमध्ये कधीकधी पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया, कडेला झिजून तिथे खड्डा पडतो. तसं दिसलं तर डॉक्टर एकदम गंभीर होतात आणि ते बरोबरच आहे. एक तर तो खड्डा आरपार जाऊ शकतो, आणि दुसरं म्हणजे शरीरात इतरत्रही रक्तवाहिन्यांना सूज असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी प्रश्न फक्त डोळ्याचा उरत नाही. पुढे डोळ्याचा दाब मोजतील, बाहुली मोठी करून पडदा बघतील, आणि गरज वाटली तर बी-स्कॅन नावाची सोनोग्राफी करतील. कारण सूज डोळ्याच्या मागच्या बाजूला असेल तर पुढून लाली दिसतही नाही, नुसतं दुखतं आणि धूसर होतं.

सांधे शांत असताना हे होऊ शकतं का? हो. स्क्लेरायटिस बऱ्याचदा जुन्या आरएमध्येच गाठतो, आणि गुडघे-मनगटं त्या वेळी काय म्हणताहेत याच्याशी त्याचा मेळ बसेलच असं नाही.

उरलेले स्टेरॉइडचे थेंब अजिबात नको. लाली उतरेल, जाऊबाई खरं बोलताहेत. पण मग डॉक्टरांना मूळ चित्र दिसणार नाही. नागिणीच्या विषाणूसारखा संसर्ग असला तर तो या थेंबांनी भडकतो. काही लोकांच्या डोळ्याचा दाब त्यांनी थोड्याच आठवड्यांत चढतो, आणि कॉर्निया आधीच पातळ होत असेल तर धोका आणखी वाढतो. त्याच डब्यात दुखण्यावरचे डायक्लोफिनॅक किंवा केटोरोलॅकचे थेंब असतील तर तेही ठेवून द्या. स्टेरॉइड नाहीत म्हणून ते निरुपद्रवी, असं आरएच्या कोरड्या डोळ्यांत म्हणता येत नाही. कॉर्निया विरघळल्याच्या घटना त्यांच्यामुळेही झालेल्या आहेत.

आता चुरचुर. आरएमध्ये डोळ्यांची सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार हीच. अश्रूंचा थर नुसत्या पाण्याचा नसतो. पाणी अश्रुग्रंथीतून येतं, ते उडून जाऊ नये म्हणून पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी तेल पुरवतात आणि ते बुबुळावर पसरून राहावं म्हणून चिकट म्यूसिन असतं. हा थर फाटला की डोळा उघडा पडतो, मेंदूला वर्दी जाते आणि एकदम पाण्याचा लोंढा येतो. त्या पाण्यात तेल-म्यूसिन पुरेसं नसल्यामुळे ते गालावरून ओघळून जातं, डोळा पुन्हा कोरडा. तुमच्या धारेचं उत्तर हे. पापणी मिटल्यावर अनुस्वार परत येतो तोही याच कारणाने, मिटताना थर नव्याने पसरतो. मान खाली घालून एकाग्रतेने वाचताना आपण पापण्या फार कमी मिटतो, त्यामुळे तुमच्या धंद्यात हे जास्तच जाणवणार.

मोजण्यासाठी शिर्मर नावाची साधी चाचणी आहे. टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, पाच मिनिटांत किती मिलिमीटर भिजली ते बघायचं. पाचच्या खाली आलं तर पाणी फारच कमी. दहाच्या वर म्हणजे साधारण ठीक. कोरड्या तोंडाचं मात्र न विसरता सांगा. डोळे आणि तोंड दोन्ही कोरडं पडलं की आरएच्या जोडीने आलेल्या शोग्रेन नावाच्या आजाराचा विचार करतात. स्वीडनचे हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली तो मांडला, आणि ते स्वतः डोळ्यांचेच डॉक्टर होते. लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडतात, म्हणून दातांच्या डॉक्टरांनाही कळवायचं.

गोळीचा वेगळा हिशोब आहे, तो उद्याचं झाल्यावर लिहिते. एवढंच आता सांगते, की हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनमुळे डोळा लाल होत नाही की ठणकत नाही.

---

आजीचा_नातू :

मध्येच विचारतो, माफ करा. आजीला आरए फार जुना आहे. तिच्या एका डोळ्याच्या पांढऱ्या भागावर निळसर-राखाडी डाग दिसतोय. दुखत काहीच नाही, लालही नाही. वर वाचलं की दुखणं ही वाईट खूण, म्हणजे हे साधं असावं ना?

---

निळा_दिवा :

नाही, आजींनाही दाखवा, याच आठवड्यात. स्क्लेरायटिसचा एक विरळा प्रकार न दुखता, न लाल होता येतो, आणि तो बहुतेक जुना आरए असलेल्या वयस्कर स्त्रियांतच दिसतो. कवच पातळ होत जातं आणि आतला गडद थर निळसर दिसायला लागतो. जुन्या, बऱ्या झालेल्या सुजेनेही असा डाग राहतो, किंवा वयामुळेही काही ठिकाणी राखाडी दिसतं, त्यामुळे लगेच घाबरवत नाही. पण कोणतं ते स्लिट लॅम्पवरच कळेल. तोवर त्यांनी तो डोळा चोळायचा नाही, आणि त्या डोळ्याला धक्का लागणार नाही एवढं बघा.

---

काना_मात्रा :

जाऊन आले. स्क्लेरायटिसच निघाला, पुढच्या बाजूचा. बुबुळाची कड शाबूत आहे, दाब ठीक, पडदा ठीक, बी-स्कॅनही स्वच्छ. फेनिलएफ्रिनचा थेंब घातल्यावर पंधरा मिनिटांनी डॉक्टरांनी सहायकाला बोलावून माझा डोळा दाखवला, ‘बघ, वरची लाली गेली आणि खालची तशीच’ असं. मला आरसा मात्र कुणी दिला नाही.

डॉक्टरांनी माझ्यासमोरच ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना फोन लावला, तारीख अलीकडे आली. रक्त-लघवी तपासून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यात, पोटासाठी वेगळी गोळी, साखर आणि रक्तदाबावर लक्ष. ठणका उतरू लागलाय, लाली आहे तशीच.

शिर्मरमध्ये उजवा चार मिलिमीटर, डावा तीन. म्हणजे अनुस्वारांवर संशय घ्यायला पुरेसं कारण होतं. विनाप्रिझर्व्हेटिव्ह अश्रूंचे थेंब दिलेत, ते एकेका मात्रेच्या चिमुकल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत येतात. ज्या कुणी त्या नळ्या घडवल्यात त्यांची बोटं सरळ असावीत. टोक पिळून तोडायचं, मग दोन बोटांत दाबायचं, आणि हे सगळं सकाळी, जेव्हा माझ्याच्याने साडीची पिनही लागत नाही. निम्मे थेंब गालावर जातात. कुणी काही युक्ती करतं का?

आणि निळा_दिवा, गोळीचा हिशोब राहिलाय.

---

आडवी_रेघ :

स्क्लेरायटिसच्या वाटेने मी आधी जाऊन आलोय, म्हणून लिहितो. मी चित्रकला शिकवायचो. माझी सूज दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने यायची.

पहिली गोष्ट, दुखणं आधी जातं आणि लाली मागाहून, कधीकधी बरंच मागाहून. आरशात लाल दिसतंय म्हणून औषध लागू पडत नाही असं समजू नका. डॉक्टर माझ्याकडे आल्याआल्या ‘झोप लागते का’ असं विचारायचे. डोळ्याकडे नंतर बघायचे.

दुसरी, प्रेडनिसोलोन बरं वाटलं म्हणून स्वतःहून तोडायचं नाही. ते पायऱ्यापायऱ्यांनी उतरवतात. खूप दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली तर डोळाही उलटतो आणि शरीरही, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. जास्त काळ चाललं तर मोतीबिंदू लवकर येतो, तोही भिंगाच्या मागच्या बाजूला. याची खूण म्हणजे उन्हात किंवा समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांत डोळे दिपतात, आणि लांबचं बरं दिसत असताना वाचायला मात्र जड जातं. माझं तसंच झालं. पण ऑपरेशन लगेच केलं नाही, डोळा काही महिने पूर्ण शांत राहू दिला आणि मगच केलं. वाचणाऱ्या माणसाने हे आधीपासून लक्षात ठेवलेलं बरं.

तिसरी, पुढचं औषध डोळ्यांचे डॉक्टर एकटे ठरवत नाहीत. स्टेरॉइड ही आग विझवण्याची सोय, पुन्हा लागू नये याची व्यवस्था ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट करतात. माझ्या बाबतीत आधी मेथोट्रेक्सेट वाढवलं, तेवढ्यावर भागलं नाही तेव्हा बायोलॉजिक, म्हणजे सुजेच्या नेमक्या दुव्यावर काम करणारं औषध, सुरू केलं. त्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयाची आणि काविळीची तपासणी होते, कारण दबून बसलेला क्षय या औषधांनी उठू शकतो. बायोलॉजिकची गोष्ट निघालीच तर डोळ्यांचं नाव काढून विचारा. सांध्यांना चालणारी सगळी इंजेक्शनं डोळ्यांना सारखी चालत नाहीत. अ‍ॅडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, रितुक्सिमॅब यांच्याकडे कल असतो. एटानरसेप्ट सांध्यांना उत्तम असूनही डोळ्यांच्या सुजेत तितकं भरवशाचं मानत नाहीत, काहींना ते चालू असतानाच सूज आल्याच्या नोंदी आहेत.

मी दोघा डॉक्टरांसाठी एकच वही ठेवली होती. याने काय दिलं ते त्याला दाखवायचं. दोघांनाही सुरुवातीला ती वही आवडली नाही, नंतर मागून घ्यायला लागले.

---

सडेतोड :

एवढं लिहिताय पण मुद्द्याचं कुणी बोलत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन पाच वर्षं झाली की बंद करायची असते. मेव्हण्याची आम्ही बंद करवली. पडदा गेला की परत येत नाही.

---

निळा_दिवा :

सडेतोड, शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. पडद्याची इजा भरून येत नाही, आणि गोळी थांबवल्यावरही काही काळ ती वाढू शकते. पण पाच वर्षं ही गोळीची मुदत नाही. दर वर्षी तपासणी सुरू करण्याची ती वेळ आहे.

अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीच्या २०१६ च्या शिफारशी अशा : रोजचा डोस प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, गोळी सुरू केल्यापासून वर्षभरात पडदा एकदा तपासून ठेवा, पाच वर्षांनंतर दर वर्षी. मूत्रपिंड कमकुवत असेल, स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल किंवा पडद्याच्या मध्यभागाचा आधीच काही आजार असेल तर त्याहून लवकर. डोस या मर्यादेत असेल तर पहिल्या पाच वर्षांत धोका १ टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत २ टक्क्यांहून कमी, वीस वर्षांनंतर मात्र तो जवळजवळ २० टक्क्यांवर जातो. म्हणून सुरुवातीला निर्धास्त असणं ठीक, पण वर्षं वाढतील तशी तपासणी चुकवायची नाही.

काना_मात्राताई, आता तुमचा हिशोब. ५२ गुणिले ५ म्हणजे २६० मिलिग्रॅम. तुम्ही घेता ४००, म्हणजे किलोमागे जवळपास पावणेआठ. तेही आठेक वर्षं. घाबरून गोळी थांबवू नका, पण हा आकडा कागदावर लिहून ऱ्हुमॅटॉलॉजिस्टपुढे ठेवा. गोळी २०० ची येते आणि शरीरात खूप काळ राहते, त्यामुळे आठवड्याचा मेळ घालता येतो. उदाहरणार्थ पाच दिवस एक आणि दोन दिवस दोन, अशी सरासरी २५७ पडते. तुमच्यासाठी काय योग्य ते तेच ठरवतील. स्क्लेरायटिस भडकलेला असताना औषधांची सगळी मांडणी ते नव्याने करणारच आहेत, तेव्हा हा विषय काढायला हीच वेळ बरी.

तपासणी म्हणजे नुसतं फळ्यावरची अक्षरं वाचणं नव्हे, हे मात्र ठासून सांगते. सुरुवातीची इजा त्यात कळत नाही. ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, आणि ऑटोमॅटिक फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या परिघाची तपासणी, दोन्ही हव्यात. फील्डची नेहमीची चाचणी १०-२ ची असते, ती मधल्या भागापुरतीच बघते. आशियाई वंशाच्या लोकांत इजा पुष्कळदा त्या वर्तुळाच्या बाहेर सुरू होते, म्हणून सोबत जास्त मोठा भाग बघणारी २४-२ किंवा ३०-२ करा असं सुचवा. वाचताना शब्दातली अक्षरं गायब होण्यापर्यंत गोष्ट आली तर उशीर झालेला असतो.

---

सडेतोड :

मेव्हण्याला किलोचा हिशोब कुणी सांगितला नव्हता. गोळी थांबवल्यावर त्याची बोटं पुन्हा सुजली आहेत हेही खरं. विचारतो डॉक्टरांना.

---

आईची_लेक :

काना_मात्राकाकू, थेंबांचं माझ्याकडून. आईच्या बोटांची तुमच्यासारखीच अवस्था आहे.

सगळ्यात आधी मान. बसून मान मागे टाकून थेंब घालायची सवय असेल तर ती सोडा. आरएमध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात, आणि ते माहीतही नसतं. आईच्या बाबतीत दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये ते दिसलं. हाताला मुंग्या येत असतील किंवा मान वळवताना डोक्याच्या मागे कळ जात असेल तर डॉक्टरांना सांगाच.

आडवं पडायचं. डोळा मिटलेला ठेवून नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा, मग डोळा उघडायचा. तो आपोआप आत जातो, नेम धरावा लागत नाही. नळ्यांची टोकं मी आदल्या रात्री तोडून ठेवत नाही, कारण उघडी नळी साठवायची नसते. आई टोक छोट्या पकडीत धरून पिरगळते. दाबायला दोन बोटांऐवजी अख्खी मूठ वापरते, नळीभोवती जाड रबराची पट्टी गुंडाळून. आणखी एक सोय म्हणजे पंपासारख्या, एकदा दाबलं की एक थेंब देणाऱ्या विनाप्रिझर्व्हेटिव्ह बाटल्या मिळतात. डॉक्टरांना विचारून तशी बदलून घ्या, आईचा वैताग त्याने बराच कमी झाला.

सकाळचा पहिला थेंब बोटं सुटल्यावर घातला तरी चालतो असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय. तोवर पापण्या मिटून ऊबदार पाण्यात पिळलेला स्वच्छ फडका ठेवायचा, पापण्यांच्या तेलग्रंथी मोकळ्या होतात. तुमच्या डाव्या डोळ्याला सूज असेपर्यंत तो शेक द्यायचा की नाही हे मात्र विचारून घ्या.

---

वाकडी_बोटं :

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब महाग वाटतात म्हणून लोक साध्या बाटलीवर येतात. दिवसातून एक-दोनदा घालायचे तर चालूनही जातं. पण चारपेक्षा जास्त वेळा घालणाऱ्याने येऊ नये. बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं जे रसायन त्यात असतं तेच कोरड्या डोळ्याची साल काढतं.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलचा सल्लाही तुम्हाला मिळणारच, मिळाला नसेल तर आश्चर्य आहे. २०१८ मध्ये त्याची मोठी चाचणी झाली, कोरड्या डोळ्यांना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. मी बंद केल्या. सूज कमी करणाऱ्या सायक्लोस्पोरिनच्या थेंबांनी मात्र मला फरक पडला. ते घातल्यावर सुरुवातीला जळजळतं आणि गुण यायला काही महिने जातात. अर्धे लोक त्याआधीच बाटली फेकतात.

सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या किंवा झोपेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू असेल तर तेही सांगा. दोन्हींनी कोरडेपणा वाढतो.

---

काना_मात्रा :

आईची_लेक, मूठ आणि रबर जमलं. डोळा मिटून कोपऱ्यात थेंब सोडण्याची युक्ती माझ्या डॉक्टरांनाही सांगितली, त्यांनी ती लगेच पुढच्या पेशंटला सांगितली, मी बाहेर पडता पडता ऐकलं.

२६० चा आकडा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टपुढे ठेवला. त्यांनी वजनाचा काटा मागवला, मला उभं केलं आणि डोस उतरवला. मेथोट्रेक्सेट वाढवलंय. ओसीटी आणि दोन्ही फील्ड टेस्ट डोळा शांत झाल्यावर करायच्या आहेत. आडवी_रेघ, तुमच्यासारखी वही केली. सवयीप्रमाणे समासही आखला.

अश्रूंच्या नुकसानीवर नंतर पापण्यांच्या नाकाकडच्या टोकाला असलेल्या छिद्रांत बारीक बुच बसवू म्हणालेत, म्हणजे आहे ते पाणी वाहून जाणार नाही. पण सूज असताना नाही. तोवर रात्रीसाठी जाडसर मलम दिलंय. आता डोळ्यांत तीन गोष्टी जातात : अश्रूंचे थेंब, सायक्लोस्पोरिन आणि हे मलम. कशानंतर काय आणि मध्ये किती वेळ, हे चिठ्ठीवर नाही.

---

निळा_दिवा :

पातळ आधी, घट्ट शेवटी. दोन थेंबांमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. सायक्लोस्पोरिन सकाळ-संध्याकाळ, अश्रू लागतील तसे. मलम अगदी झोपताना, त्याच्यावर काही घालायचं नाही, आणि ते घातल्यावर प्रूफं हातात घ्यायची नाहीत, सगळ्याच वेलांट्या दुसऱ्या दिसतील. फील्ड टेस्टच्या दिवशी मात्र सकाळपासून मलम टाळा, आणि चाचणीच्या आधी अश्रूंचा एक थेंब घालून मगच मशीनसमोर बसा. कोरड्या डोळ्यांनी दिलेली फील्ड टेस्ट उगाच खराब येते.